भुकेले मूल आणि मराठी वाङ्मय

१

मराठी वाङ्मयात दारिद्र्याचे चित्रण पुरेसे झालेले नाही, अशी तक्रार एके काळी आपल्याकडील टीकाकार मोठ्या हिरिरीने करीत असत. आज तीच तक्रार कोणी केल्यास तिला फारसा आधार उरलेला नाही. अण्णा भाऊ साठे, बाबूराव बागूल, दया पवार, शरणकुमार लिंबाळे, बेबी कांबळे प्रभृती लेखकांनी भूक हा विषय मराठीच्या ऐन माजघरात आणून बसविला आहे, आणि ज्या वर्गाने प्रारंभी या पुस्तकांकडे पाहून नाके मुरडली त्याच वर्गातील मुले आज ती परीक्षेसाठी अभ्यासीत आहेत. तथापि या वाङ्मयाचे पुनर्वाचन करीत असता एक उणीव आम्हांस उत्तरोत्तर अधिक जाणवू लागली; तिचा विचार करावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. भूक आपला सर्वांत खोल घाव ज्याच्यावर घालते ते मूल, म्हणजे दोन वर्षांच्या आतले मूल, या वाङ्मयात जवळजवळ कोठेच नाही. कडेवर रडणारी, झोळीत निजलेली, बापाच्या मनात कालवाकालव करणारी पोरे पुष्कळ आहेत. पण ती काय खातात, किती वेळा खातात, त्यांस कोण भरविते आणि भरविणारी त्या वेळी घरात असते की नाही, हे विचारण्याची तसदी आपल्या लेखकांनी फारशी घेतलेली नाही.

यावर कोणी असे म्हणेल की, कथाकाराने काय लिहावे हे आरोग्यखात्याच्या अहवालावरून ठरवावयाचे काय? मुळीच नाही. लेखकास हुकूम सोडणे हे टीकाकाराचे काम नव्हे. पण समाजाचे वाङ्मय ज्या गोष्टीकडे पाहत नाही तिच्याकडे तो समाजही सहसा पाहत नाही. आणि वाङ्मय जिच्याकडे वाकड्या नजरेने पाहते तिच्यावरील समाजाचे उपायही वाकडेच पडतात. प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोड आढळली. २०१५–१६ च्या फेरीत हेच आकडे ३४.४ व २५.६ असे होते. म्हणजे त्या पाच वर्षांत आपण जागचे हललो नाही. रोडपणाच्या बाबतीत सबंध देशाचा आकडा १९.३ असताना, उद्योगधंद्यांत अग्रेसर म्हणविणारा हा प्रांत त्याच्याही मागे आहे. ही पाहणी जी संस्था चालविते ती मुंबईच्या उपनगरात, देवनार येथे आहे. आणि महापालिकेच्या २००९ च्या मानवविकास अहवालात जो विभाग मुंबईत सर्वांत खालचा ठरला, तो गोवंडी-मानखुर्दचा विभाग म्हणजे त्याच संस्थेच्या दाराबाहेरची वस्ती होय. मोजणारे आणि मोजले जाणारे इतक्या जवळ राहत असतानाही त्यांच्यामध्ये एक भिंत उभी आहे. ती भिंत काही अंशी भाषेची आहे, असे आम्हांस वाटते.

२

प्रथम अण्णा भाऊंची 'स्मशानातील सोनं' ही कथा घेऊ. अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अनेक वर्षे राहिले, आणि त्या वस्तीचे नाव त्यांच्या एका पुस्तकासही मिळाले आहे. उपनगरातील भूक त्यांनी ऐकून लिहिलेली नाही. कथेतील भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड गडी. पोटासाठी तो मुंबईस येतो, उपनगरातील एका खाणीत काम मिळवितो आणि बायको व मुलगी यांच्यासह सुखाने राहू लागतो. खाण बंद पडते आणि घरातली चूल थांबते. अशा वेळी स्मशानातील राखेत त्यास सोने सापडते. मग मढी उकरणे हाच त्याचा धंदा होऊन बसतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो प्रेतापर्यंत पोहोचतो, पण प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि अखेर ती गमवावी लागतात. बोटे गेल्यावर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

कथेची ताकद सर्वमान्य आहे. तिची वाखाणणी येथे पुन्हा करण्याचे कारण नाही. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते तिच्यातील भुकेच्या स्वरूपाकडे. येथे भूक ही एक शक्ती आहे. ती भीमाच्या पहाडासारख्या देहात शिरते आणि त्यास स्मशानात घेऊन जाते. 'फकिरा' या कादंबरीतही भूक माणसाच्या हाती शस्त्र देते. उपाशी वस्तीसाठी धान्य लुटणारा वीर ती निर्माण करते. मोठ्या माणसाची भूक अशी कृतीच्या रूपाने प्रकट होत असल्यामुळे तिच्यावर कथा रचता येते. बालकाच्या भुकेचा प्रकार निराळा आहे. ती कोणतीच कृती करीत नाही. उपाशी मोठा माणूस चिडतो; दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेले मूल मंदावते. ते कमी हसते, कमी खेळते, कमी मागते, आणि शेजारीण म्हणते, 'पोर मोठे गुणी हो, त्रास म्हणून देत नाही.' या गुणी पोरावर कथा कशी लिहावी, हे कोडे मराठी कथेस अद्याप सुटलेले नाही.

एका बाबतीत मात्र अण्णा भाऊंची दृष्टी अनेक पंडितांहून तीक्ष्ण होती. भीमाच्या घरी अन्न संपते ते बाजारातील धान्य संपले म्हणून नव्हे; खाण बंद पडली म्हणून. दुकाने भरलेली असतानाही ज्याच्या हातचे काम गेले तो उपाशी राहतो, हा सिद्धांत अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दारिद्र्य व दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात सप्रमाण मांडला आणि जगाने तो मान्य केला. त्यापूर्वी कितीतरी वर्षे तो एका मराठी कथेच्या पोटात होता. गोवंडी, मालवणी, साकीनाका येथील बालकांच्या पोषणाचा विचार करणाऱ्याने येथूनच आरंभ केला पाहिजे. ज्या घरात रोजचा पैसा रोज येतो, त्या घरात मजुरी एक दिवस बुडाली की पहिल्या दिवशी दूध जाते, दुसऱ्या दिवशी डाळ पातळ होते आणि तिसऱ्या दिवशी मुलाच्या हाती पाच रुपयांचे तळलेले पाकीट येते. मोठ्यांस ही ओढाताण आठवड्याने विसरता येते. मुलाच्या हाडांस ती विसरता येत नाही.

३

आता मध्यमवर्गाच्या आवडत्या पुस्तकांकडे वळू. साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून ते घराघरांत वाचले जात आहे. त्यातील 'अळणी भाजी'ची रात्र कोणास ठाऊक नाही? भाजीत मीठ घालावयाचे राहिले. वडिलांनी ते जाणवूही दिले नाही. आई जेवावयास बसली तेव्हा तिला आपली चूक कळून आली. या प्रसंगावरून पिढ्यान्‌पिढ्या आपण संयमाचा आणि परस्परांच्या मनाच्या जपणुकीचा पाठ शिकलो. तो पाठ खरा आहे. त्यात आम्हांस काही उणे पाहावयाचे नाही. पण आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. भाजी अळणी झाली हे आईस सर्वांच्या शेवटी का कळले? ती सर्वांच्या शेवटी जेवली म्हणून. गुरुजींनी हे जाणूनबुजून सांगितले नाही, आणि त्यामुळेच तो पुरावा अधिक भरवशाचा आहे. घरातील स्त्रीने उरलेसुरले खावे, ही गोष्ट त्या काळी इतकी सहज होती की, तिच्यावर उभा असलेला प्रसंग वाचताना ती कोणाच्या नजरेसही आली नाही.

ही पंगतीची परंपरा आजही मोडलेली नाही, आणि मुलाच्या पोषणाचा निम्मा प्रश्न तिच्यात आहे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. पहिला आकडा हा दुसऱ्याची आई आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या पोटी जे मूल येते त्याची उपासमार त्याच्या जन्मापूर्वीच सुरू होते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' याच संदर्भात आठवतात. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या सोवळ्यापायी घरातील बायकापोरांचे जे हाल झाले ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहेत. अन्न घरात असणे आणि ते वेळेवर मुलाच्या मुखी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या पुस्तकाइतके सोज्ज्वळपणे कोणी सांगितलेले नाही. आपण मात्र त्यातील विनोद घेतला आणि अर्थ सोडून दिला.

४

लहान मुलाच्या भुकेचे मुलाच्याच डोळ्यांनी केलेले चित्रण पाहावयाचे असेल तर दलित आत्मचरित्रांकडे गेले पाहिजे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या सहलीत उरलेले अन्न आणि त्यातले आपल्यासाठी का आणले नाहीस म्हणून विचारणारी आई आहे. शेणातून निवडलेल्या ज्वारीची भाकरी आहे. ज्याने हे वाचले तो ताटातील अन्न पूर्वीच्या निश्चिंतपणे टाकू शकणार नाही. लक्ष्मण माने यांचा 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचा 'उचल्या' ही याच वाटेवरची पुस्तके होत.

पण आत्मचरित्र या प्रकारास एक मर्यादा आहे, आणि ती लेखकाच्या प्रतिभेची नसून मनुष्याच्या स्मरणाची आहे. माणसाची स्मृती चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास आकार घेते. तेथून पुढची भूक तो सांगू शकतो. पण शरीराचे आणि मेंदूचे जे नुकसान भरून येणे अत्यंत कठीण, ते गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे मिळून होणाऱ्या सुमारे एक हजार दिवसांत होऊन गेलेले असते. शिवाय आत्मचरित्र लिहितो तो वाचलेला असतो. जो वाचला नाही त्याचे पुस्तक नाही.

या हजार दिवसांचे महत्त्व किती याचा एक दाखला मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशातून मिळतो. तेथील काही खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात लहान मुलांस 'अटोले' नावाची पौष्टिक पेज देण्यात आली, व शेजारच्या काही खेड्यांत केवळ गोड पेय देण्यात आले. ती मुले मोठी झाल्यावर त्यांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा दोन वर्षांच्या आत ती पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई इतरांपेक्षा सरासरी ४६ टक्क्यांनी अधिक भरली. वाटीभर पेज वेळेवर मिळणे वा न मिळणे याचा हिशेब तीस-चाळीस वर्षांनी मजुरीच्या पाकिटात निघतो.

विभूतिभूषणांच्या 'पथेर पांचाली'तील (१९२९) दुर्गा या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. दुसऱ्यांच्या बागेतली फळे चोरून खाणारी ही पोर तापाने मरते. ती भुकेने मेली असे लेखक म्हणत नाही, आणि तेच वास्तव आहे. मुले सहसा भुकेने मरत नाहीत. ती गोवराने, न्यूमोनियाने, हगवणीने मरतात. परंतु जगातील पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी अपुरे पोषण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मृत्यूच्या दाखल्यावर रोगाचे नाव पडते आणि भूक निर्दोष सुटते.

मराठीत या अबोल मुलाच्या सर्वांत जवळ गेलेले पुस्तक आमच्या मते बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) हे होय. महारवाड्यातील बाळंतिणीची उपासमार त्यांनी ज्या निर्विकार तपशिलाने लिहिली आहे तिला तोड नाही. याचे कारणही उघड आहे. हजार दिवसांचे मूल स्वतः बोलू शकत नाही. त्याच्या वतीने एकच व्यक्ती बोलू शकते, आणि ती त्याची आई. बाकीची आत्मचरित्रे मुलाने आईविषयी सांगितलेली आहेत. येथे आई स्वतः सांगते आहे. आपल्या वाङ्मयात जी उणीव आम्ही प्रारंभी म्हटली ती खरोखर या साक्षीची उणीव आहे.

५

आईची ही साक्ष वाङ्मयाने घेतली नाही. मग ती कोणी घेतली? सरकारी नोंदवहीने घेतली, पण अगदीच तोकडी. अंगणवाडीतील नोंदवही हा आज या मुलाविषयीचा एकमेव नियमित मराठी मजकूर आहे, तेव्हा त्याचेही परीक्षण करणे टीकाकारास अनुचित नाही. मुलाचे वजन, उंची, दंडाचा घेर. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की 'तीव्र कुपोषित', साडेअकरा ते साडेबारा असला की 'मध्यम कुपोषित'. या मोजमापाची थट्टा आम्हांस करावयाची नाही. एका रंगीत पट्टीने अर्ध्या मिनिटात मरणाच्या दारातले मूल ओळखता येते, ही विज्ञानाची मोठी देणगी आहे. पण नोंदवहीस मूल दिसते, घर दिसत नाही. खोलीचे भाडे, विकत घेतलेल्या पाण्याचा हंडा, आईची भांडीधुण्याची चार घरे, तिच्यामागे मुलास सांभाळणारी सात वर्षांची बहीण, यांसाठी त्या वहीत रकाना नाही. आणि भाषेचे काय? २०२१ साली ही नोंद यंत्रावर करण्याचे ठरले, तेव्हा हे साधन मराठीत नाही आणि दिलेली यंत्रेही निकृष्ट आहेत अशी तक्रार करून राज्यातील अंगणवाडी सेविकांनी ती मोठ्या संख्येने परत केली. ज्या बाईने ज्या आईशी मराठीत बोलावयाचे तिने त्या बोलण्याची नोंद इंग्रजीत करावी, या विपरीताविषयी साहित्यसंमेलनांच्या ठरावांत काही आल्याचे आमच्या वाचनात नाही.

'अंगणवाडी' हा शब्द तरी पाहा. तो मंत्रालयात जन्मास आलेला नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा वस्तीतील मुले बालवाडीत येईनात; मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली आणि ती अंगणवाडी झाली. तो शब्द एका प्रामाणिक अपयशातून आणि त्यावरील तोडग्यातून आला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर तो सबंध देशाचा शब्द झाला. परंतु उपनगरातील ज्या गल्लीत दोन माणसांस एकमेकांस ओलांडून जाता येत नाही तेथे अंगण कोठून यावयाचे? दहा फुटांच्या भाड्याच्या खोलीत ती वाडी भरते, आणि ज्या आईस कामावर जावयाचे असते तिच्या तान्ह्या मुलास तेथे ठेवून घेण्याची सोय बहुधा नसते. ताराबाईंच्या शब्दाचा मूळ अर्थ 'जेथे मूल असेल तेथे जाणे' असा होता. शब्द राहिला आणि अर्थ बाहेर उभा आहे.

नोंद आणि शब्द यांचा सुंदर संयोग मराठीत एकदा झालेला आम्ही पाहिला. डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली महाराष्ट्रातील बालमृत्यूंची मोजणी प्रसिद्ध केली व सरकारी दप्तरात पडलेल्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले. त्या अहवालास त्यांनी नाव दिले 'कोवळी पानगळ'. हे दोन शब्द आकड्यांपुढे नुसते शोभेसाठी ठेवलेले नव्हते. पिकले पान गळते, कोवळे गळावयाचे नसते. ते गळले तर झाडास काहीतरी झाले आहे. अहवालाचा सारा युक्तिवाद त्या नावात आला, सरकारला दखल घ्यावी लागली आणि समिती नेमावी लागली. चांगली मराठी हे लोकारोग्याचे एक साधन होऊ शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा आमच्यापाशी नाही.

६

राहता राहिले उपदेशाचे वाङ्मय. भिंतीवरील चित्रे, पुस्तिका, व्याख्याने, मासिकांतील आहारविषयक सदरे यांचा सूर बहुधा एकच असतो: गरिबांस समज नाही, ती दिली की मुले धष्टपुष्ट होतील. हा वाद जुना आहे आणि त्याचा निकालही जुनाच आहे. इंग्लंडात जॉन बॉइड ऑर यांनी १९३६ साली अन्न, आरोग्य व मिळकत यांचा संबंध तपासला, तेव्हा असे दिसून आले की मिळकत वाढत जाते तसतसे दूध, अंडी, फळे व भाज्या यांचे प्रमाण आपोआप वाढत जाते. पाव-बटाटे मात्र जवळजवळ तेवढेच राहतात. गरीब माणूस काय खावे हे न कळल्यामुळे वाईट खातो, यापेक्षा त्यास परवडत नाही म्हणून खातो, हे खरे. १९७२ साली गोरेगावच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागून लाटणी घेऊन निघालेल्या हजारो बायकांस हे कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते.

मात्र याचा अर्थ ज्ञानाचे मोल नाही असा नव्हे. येथे थोडा हिशेब करू. साहित्याच्या मासिकात तो दृष्टीस पडल्याबद्दल वाचकांनी राग मानू नये. एक ते दोन वर्षांच्या मुलास आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाकाठी सुमारे ५५० उष्मांक लागतात. सात किलोच्या मुलाचे पोट एका वेळी दोनशे मिलिलिटरच्या आसपास भरते. एका भागास दहा भाग पाणी घातलेल्या तांदळाच्या पेजेत तेवढ्या मापाला जेमतेम सत्तर उष्मांक येतात. म्हणजे पोट तट्ट फुगेपर्यंत दिवसातून आठ वेळा भरविले तरच हिशेब जुळतो. कोणती कामकरी आई आठ वेळा भरवू शकेल? मूल पोटभर जेवते आणि तरी वाळत जाते, या 'दैवी' वाटणाऱ्या प्रकाराचे रहस्य एवढेच आहे. त्याच पेजेस घट्ट केले आणि चहाचा चमचाभर तेल घातले तर चाळीस-पंचेचाळीस उष्मांकांची भर पडते. एक अंडे सत्तर उष्मांक आणि सहा ग्रॅम प्रथिन देते. आपल्या आज्या नाचणीस मोड आणून, वाळवून तिचे पीठ करीत, त्यातही गहन शास्त्र होते. मोड आल्याने धान्यातील पिष्टाचे विघटन होते, पेज कमी चिकट होते आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. हे ज्ञान उपदेशकाने शोधून काढलेले नाही. ते गावी होते, आणि खोलीभाड्याच्या शहरात मोड आणावयास जागा व वाळवावयास ऊन न उरल्यामुळे हरवले.

तेव्हा समज आणि साधने यांची फारकत करून चालणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकास रोज ५०० उष्मांकांचा आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा शिधा, व कुपोषित बालकास ८०० उष्मांकांचा, हक्काने देऊ केला. कागदावर हा हिशेब आमच्या वरील हिशेबाशी उत्तम जुळतो. पण तो शिधा कोरड्या मिश्रणाच्या पाकिटांतून येतो, मूल ते खात नाही, आणि ती पाकिटे जनावरांपुढे रिकामी झाल्याच्या बातम्या वेळोवेळी छापून आल्या आहेत. हे काम ठेकेदारांकडे देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच बजावले होते. स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ-गहू येतो, त्याने पोट भरते. डाळ आणि तेल मात्र सणासुदीचे. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत दिलेल्या शिध्यात चणाडाळ आणि तेल होते, त्याचे नाव 'आनंदाचा शिधा' होते, आणि मुलाच्या वाढीस रोज लागणारी वस्तू सणाची ठरते हे त्या नावाने नकळत सांगून टाकले. शाळेतील मुलांस आठवड्यातून एक अंडे देण्याचे नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा थांबला आणि लोकवर्गणीतून द्यावे असे सांगण्यात आले. अंडे खाणे न खाणे हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण ज्याच्या घरी ते चालते आणि परवडत नाही, त्या मुलाच्या ताटातून ते काढून घेणे यास धर्म म्हणावे की काटकसर, हे आम्हांस उमगत नाही.

सुधारणा होतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर बायकांस आरोग्यसेविका करून खेड्यांतील मुलांचा रोडपणा हटवून दाखविला. २००५ साली महाराष्ट्राने राजमाता जिजाऊंच्या नावे पोषणाचे स्वतंत्र अभियान सुरू केले, देशात पहिले. २००५–०६ मध्ये दोन वर्षांखालील मुलांत ३९ टक्के असलेले खुजेपण २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आले होते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी काढणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था स्थापिली, आणि तिच्या कार्यकर्त्या आज वस्त्यांतून घरोघर जातात. या प्रयत्नांत समान धागा हाच की, कोणीतरी दारात बसून आईचे ऐकले, तिला दोष दिला नाही, आणि तिच्याजवळ काय आहे व काय नाही हे पाहून मग सल्ला दिला.

७

आता आमच्या मूळ विषयाकडे येऊन हे विवेचन आवरते घेतो. मराठी लेखकांनी कुपोषणावर बोधकथा लिहाव्यात अशी आमची इच्छा नाही. तसल्या कथांनी विषय मात्र कंटाळवाणा होईल. आमची अपेक्षा एवढीच की, ज्या तपशिलाने मराठी कादंबरी आज चाळीतील भांडण किंवा कचेरीतील राजकारण रंगविते, त्याच तपशिलाने तिने एका तान्ह्या मुलाचा एक दिवस पाहावा. सकाळी आई कामावर गेल्यापासून ती परत येईपर्यंत त्याच्या मुखी काय पडले, कोणी घातले, किती घातले: या एका दिवसात भाडे, पाणी, मजुरी, नवरा, सासू, दुकानदार आणि सरकार ही सर्व पात्रे येतात. ज्याच्यावर कथा लिहिता येत नाही असे आम्ही वर म्हटले, त्या गुणी, न रडणाऱ्या पोराची कथा कदाचित याच वाटेने लिहिली जाईल. आणि ती लिहावयाची तर लेखणी बहुधा त्या वस्तीतील एखाद्या आईच्या किंवा अंगणवाडी सेविकेच्या हातची असेल. तिचे हस्तलिखित आले तर संपादकांनी त्यातील शुद्धलेखन पाहण्यापूर्वी मजकूर पाहावा, एवढी आमची विनंती आहे.

आणि वाचकांचे काय? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील आमच्यासारख्या बिऱ्हाडांत जी बाई सकाळी भांडी घासावयास येते तिचे मूल त्या वेळी कोठे आहे, हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही अहवालाची आवश्यकता नाही. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. तो अर्ज लिहून देण्याइतके मराठी आपणां सर्वांस येते. शंभर वर्षे वाङ्मयाची आवड जोपासलेल्या वर्गाने त्या आवडीचा एवढा एक उपयोग केला, तरी 'अळणी भाजी' आपण अगदीच व्यर्थ वाचली नाही, असे म्हणता येईल.